दूधसाखरेच्या नावाचे कापड

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे यंदाचे पत्र आले तेव्हा त्यात ‘धान्य व्यापाराविषयी चार शब्द’ अशी नेहमीचीच मागणी होती. शाळूचा ओलावा, तुरीतील भुंगेरे आणि बारदानाचे वाढते दर यांविषयी आम्ही या पानांतून आजवर इतके लिहिले आहे की, वाचकवर्गास आता त्याचा कंटाळा आला असल्यास त्यांस दोष देता येणार नाही. सबब यंदा आम्ही कापडाविषयी लिहावयाचे ठरविले आहे. संघातील कापडपेढीवाल्या बंधूंस ही आमची आगळीक वाटेल. तागाच्या गोणपाटाखेरीज दुसऱ्या कोणत्याही कापडाचा ज्याने जन्मात व्यवहार केला नाही, त्याने सुताविषयी बोलावे हे नवलच होय. परंतु प्रस्तुत विषय दुकानातील कापडाचा नसून अंगावरील कापडाचा आहे. आणि चैत्र-वैशाखात गादीवर अगर अडत बाजारात दिवस काढणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या जिवाशी त्याचा संबंध आहे, असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे.

अनुभव कोणता, ते आधी सांगितले पाहिजे. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात आम्ही व आमचे थोरले बंधू शाळूच्या खरेदीसाठी विजापूरच्या बाजारात गेलो होतो. बेळगावच्या हवेत वाढलेल्या माणसास विजापूरचा उन्हाळा म्हणजे भाडभुंजाची भट्टीच. दादांच्या अंगात नेहमीप्रमाणे टेरिकॉटचा, अस्तर लावलेला सफारी होता व त्याच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या होत्या. सकाळपासून पत्र्याच्या छपराखाली लिलाव चालू होता. बाराच्या सुमारास एका ढिगातील मूठभर दाणे तळहातावर घेऊन भाव बोलत असतानाच दादांची जीभ अडखळली, आणि आम्ही जवळ पोहोचेपर्यंत ते त्याच ढिगावर कोसळले. हमालांनी त्यांस उचलून जवळच्या दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरांनी नाडी पाहण्यापूर्वीच कात्री मागवून तो सफारी उभा कापून काढला. मेणकापडासारखा तो अंगास चिकटून बसला होता. मग ओल्या चादरीत गुंडाळून पंख्याखाली ठेवणे वगैरे उपचार झाले. दादा चार दिवसांनी घरी आले; परंतु तेव्हापासून उन्हात उभे राहणे त्यांस सोसत नाही, आणि चाळीस वर्षांचा बाजार त्यांस सोडावा लागला.

सारा दोष कापडाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. वय होते, पाणी बेतानेच घेतलेले होते, उष्मा तर असाधारणच होता. तथापि डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीआधी जे वाक्य उच्चारले, ते आमच्या मनात रुतून बसले. ते म्हणाले, ‘शेटजी, या हवेत असले कपडे घालावयास तुम्हांस कोणी सांगितले?’ उत्तर द्यावयाचे तर कोणीच सांगितले नव्हते. आमचे वडील उन्हाळाभर मलमलीचा सदरा व धोतर वापरीत. सदरा घरी धुऊन दोरीवर वाळविला जाई व रात्री घडी करून गादीखाली ठेवला जाई, तीच त्याची इस्त्री. १९७० नंतरच्या दशकात टेरिकॉट आले, आणि ज्याला सुरकुती पडत नाही तेच कापड प्रतिष्ठेचे, असा समज आमच्या पिढीने करून घेतला. व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीत असते हे खरे, पण ती त्याच्या इस्त्रीतही पाहिली जाते. चुरगळलेला सदरा घालून कोणी बाजारात आला तर त्याच्या हुंड्या थकल्या की काय, अशी कुजबुज होते. या भीतीपोटी आम्ही सारे घामाघूम होत राहिलो.

पुढच्याच वर्षी, २०१७ च्या जून महिन्यात, आमचे जावई नोकरीनिमित्त अमेरिकेत ह्यूस्टन शहरी असतात त्यांजकडे आमचे जाणे झाले. समुद्र तेथून जवळ. हवा अगदी मुंबईच्या वैशाखासारखी, दमट व गदमदलेली. तेथे एका समारंभात एक वयोवृद्ध गृहस्थ आम्ही पाहिले. निळ्या-पांढऱ्या बारीक उभ्या पट्ट्यांचा कोट आणि त्याच कापडाची विजार. परंतु सारे कापड असे काही चुण्याचुण्यांचे की, जणू रात्री अंगाखाली घेऊन झोपलेले. बिचाऱ्याच्या घरी इस्त्री करणारे कोणी उरले नसावे, असे वाटून आम्हांस त्यांची कीवच आली. जावयांनी हलकेच सांगितले की, हे येथील मोठे नामांकित वकील असून त्यांच्या अंगावरील कापडास ‘सीरसकर’ म्हणतात. प्रथम श्रवणी आम्हांस ते कोकणातील एखाद्या घराण्याचे आडनावच वाटले.

आडनाव नसले तरी नाव आपल्या ओळखीचेच निघाले. मूळ फारशी शब्द ‘शीर-ओ-शकर’, म्हणजे दूध आणि साखर. ईदेच्या दिवशी शेजाऱ्यांकडून शीरखुर्म्याचे भांडे ज्यांच्या ओळखीच्या घरी येते, त्यांस ‘शीर’ म्हणजे काय हे सांगावयास नको. फारशीतील शीर हे संस्कृतातील क्षीराचे भावंड होय. आणि साखर तर आपल्याच देशातून शर्करा या नावाने निघाली व फारशी-अरबीच्या वाटेने जाऊन इंग्रजांच्या घरात ‘शुगर’ झाली. या कापडात एक पट्टा सपाट, तर त्याच्या शेजारचा दाणेदार व फुगीर असतो. सपाट पट्टा दुधासारखा मऊ, फुगीर पट्टा साखरेसारखा खरखरीत, यावरून हे नाव पडले. दुधात साखर पडण्याची गोष्ट आपण बोलण्यात नेहमी करतो. ती कोणीतरी मागावर विणून ठेवली होती, एवढेच.

ईस्ट इंडिया कंपनी या देशातून जे नानाविध कापड विलायतेस नेत असे, त्याच्या याद्यांत मलमल, तनजेब यांच्याबरोबर हेही नाव येते, आणि अठराव्या शतकात ते इंग्रजीत रुळलेले दिसते. त्या काळी त्यात रेशीम व सूत यांचे मिश्रण असे. रेशमाच्या धाग्यासाठी किडे उकळले जातात म्हणून आपल्यापैकी कित्येक घरी रेशीम वर्ज्य असते. त्यांनी निश्चिंत असावे, कारण आज सीरसकर म्हणून जे मुख्यतः विकले जाते ते सुताचेच असते.

आता हे फुगवटे येतात कसे? कापड अंगावर आल्यापासून आम्हांस हाच प्रश्न छळीत होता. परत आल्यावर आम्ही तो सदरा घेऊन वडगावातील आमच्या परिचयाच्या एका विणकरांकडे गेलो. त्यांचे यंत्रमाग आहेत व साड्या विणणे हा त्यांचा पिढीजात धंदा आहे. त्यांनी चष्मा वर करून कापड उजेडात धरले, उलटसुलट केले आणि हसू लागले. म्हणाले, ‘अण्णा, आमच्याकडे असा काठ उतरला तर गिऱ्हाईक साडी तोंडावर फेकेल!’

त्यांनी जे समजावून दिले ते असे. कापडात उभे धागे म्हणजे ताणा व आडवे म्हणजे बाणा. ताण्याचे सारे धागे एका बीमावर गुंडाळलेले असतात व ते सारख्या ताणाने सुटतात. म्हणून कापड सपाट उतरते. साडीच्या काठाचा ताणा जर अंगाच्या ताण्याहून सैल पडला, तर काठाचा धागा जास्त सुटतो, त्यास जागा मिळत नाही आणि काठास चुण्या पडतात. विणकराच्या दृष्टीने ही मोठी खोट होय. सीरसकर विणणारा हीच खोट हेतुपुरस्सर करतो. त्याच्या मागास दोन बीमे असतात. एका बीमावरील धागे घट्ट ताणलेले, दुसऱ्यावरील सैल व अधिक वेगाने सोडलेले. धाग्यांचे हे दोन गट आळीपाळीने शेजारी शेजारी येतात आणि दोहोंवरून तोच आडवा धागा जातो. घट्ट धाग्यांचा पट्टा सपाट बसतो. सैल धाग्यांस लांबी जास्त, परंतु राहावयाचे तर तेवढ्याच जागेत, म्हणून त्यांचा पट्टा वर-खाली फुगतो. फुगवटे नेहमी उभ्या पट्ट्यांतच का असतात, त्याचे कारण हेच. वीण साधीच, रंगही बहुधा दोनच. सारी करामत ताणाची. दोन बीमे सांभाळावयाची म्हणजे माग हळू चालवावा लागतो, आणि दिवसाकाठी कापड थोडे उतरते. साध्या सुती कापडाहून हे महाग का, याचा उलगडा त्यावरून व्हावा.

चुण्या कशा पडतात ते कळले. परंतु चुण्यांनी गारवा कसा येतो हे मात्र आम्हांस कोणी सांगावे लागले नाही. ते आमच्या गोदामातच आहे. धान्याच्या पोत्यांची थप्पी कोणताही जाणता व्यापारी भिंतीस टेकवून लावीत नाही, व जमिनीवरही ठेवीत नाही. खाली लाकडी फळ्या घालतो आणि भिंतीपासून हातभर जागा सोडतो. हवा खेळली नाही तर पोते घामेजते, तापते आणि आतून कुजते. माणसाचे अंग याहून निराळे नाही. घाम येतो तो वाळावा म्हणून; वाळताना तो अंगातील उष्णता घेऊन जातो. सपाट कापड ओले झाले की त्वचेस चिकटते, मधली हवा निघून जाते व घामास वाळावयास वाटच उरत नाही. सीरसकरचे फुगवटे म्हणजे कापड आणि कातडे यांमध्ये घातलेल्या फळ्या होत. कापड ठिकठिकाणी तेवढे टेकते, बाकी अधांतरी राहते, आणि मधून वारा फिरतो.

त्यात ओलाव्याचा हिशेबही आहे. गव्हाचा ओलावा बारा टक्क्यांवर गेला की सरकारी खरेदीत भाव तुटतो, हे आपण सारे जाणतो. तंतूंचाही असाच ओलावा मोजतात. शंभर किलो कोरडे सूत नेहमीच्या हवेत सुमारे साडेआठ किलो ओलावा आपल्यात सामावून घेते. तेवढेच पॉलिस्टर अर्धा किलोही घेत नाही. अर्थात घाम कापडाने टिपावयाचा की अंगावरच तुंबवावयाचा, हा प्रश्न तेथेच सुटतो. दादांच्या सफारीत पॉलिस्टरचे प्रमाण किती होते ते आता सांगता येणार नाही. तो कापून टाकला गेला.

अमेरिकेत या कापडाची जी कथा झाली ती आपणा व्यापाऱ्यांस विशेष मनोरंजक वाटेल, कारण ती पतीचीच कथा आहे. तेथील दक्षिणेकडील राज्यांत हे स्वस्त व टिकाऊ म्हणून कष्टकऱ्यांच्या अंगावर असे. न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचे शहर, दमट उष्म्याबद्दल प्रसिद्ध. तेथे १९०९ साली जोसेफ हॅस्पेल यांनी आपला शिवणकामाचा कारखाना काढला व या गरिबाच्या कापडाचे कोट-विजार शिवून वकील, पेढीवाले इत्यादी मंडळींस विकावयास आरंभ केला. त्या दिवसांत हवा थंड करणारी यंत्रे कचेऱ्यांत नव्हती, आणि लोकरीचा कोट घालून दिवसभर बसणाऱ्या सभ्य गृहस्थांचे काय होत असेल ते आम्हांस दादांवरून कळते. हॅस्पेल यांच्याविषयी अशी गोष्ट सांगतात की, फ्लोरिडातील एका परिषदेच्या वेळी ते अंगावरील कोट-विजारीसह गळ्याइतक्या समुद्रात चालत गेले, बाहेर येऊन तो वेष दोरीवर टांगला व संध्याकाळी तोच घालून मेजवानीस हजर राहिले. माल खपविण्याची ही तऱ्हा आमच्या अंगी येणे नाही. पण इस्त्रीवाचून चालणारे कापड म्हणजे काय, हे हजार जाहिरातींनी जे पटले नसते ते त्यांनी एका बुडीत पटविले.

तरीही प्रतिष्ठेचे कोडे सुटावयास वेळ लागला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात प्रिन्स्टनसारख्या विद्यापीठातील श्रीमंतांची मुले हे स्वस्त कापड मुद्दाम वापरू लागली, व तेथून ते वरच्या वर्गात शिरले. १९४५ साली डेमन रन्यन या नामांकित लेखकाने लिहिले आहे की, आपण सीरसकर घालून न्यूयॉर्कमध्ये हिंडू लागल्यापासून मित्र गोंधळात पडले आहेत. असे हलके कापड आणि असा छानछोकीचा माणूस, यांचा मेळ त्यांस लावता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातील परिचारिकांस तपकिरी-पांढऱ्या आणि मरीन दलातील स्त्रियांस हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा याच कापडाचा गणवेश मिळाला. धुण्यास सोपे, इस्त्रीची गरज नाही, आणखी काय पाहिजे? पुढे तर ते थेट त्या देशाच्या सिनेटमध्ये जाऊन बसले. १९९६ साली मिसिसिपीचे सिनेटर ट्रेंट लॉट यांनी जून महिन्यातील एक गुरुवार ठरवून सर्व सभासदांनी त्या दिवशी सीरसकर घालून यावे अशी प्रथा पाडली. २०१२ साली ती बंद झाली व २०१४ साली पुन्हा सुरू झाली. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत हा वेष घालावा, त्यापुढे मागे नाही, असा तेथील जुन्या वळणाच्या लोकांचा दंडक आहे. आपल्याकडे गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत तो धरावा, असे आम्ही सुचवितो. बेळगावचा पाऊस एकदा सुरू झाला की हे कापड अंगावर घेण्यात काही अर्थ नाही.

आता आमच्या हातून झालेल्या चुका सांगतो, म्हणजे दुसऱ्यांच्या टळतील. जावयांनी घेऊन दिलेला सदरा बेळगावास आल्यावर आम्ही पहिल्याच आठवड्यात इस्त्रीस दिला. पन्नास वर्षांची सवय. इस्त्रीवाल्याने तो आपल्यापरीने सुधारण्याचा पुष्कळ यत्न केला, पाणी शिंपडून पुनःपुन्हा दाबला, आणि बराचसा सपाट करून आणून दिला. तो घालून बाजारात गेलो तो नेहमीसारखाच घाम. सौभाग्यवतींनी दुसऱ्या दिवशी सदरा धुऊन वळणीवर टाकला, आणि संध्याकाळी पाहतो तो सारे फुगवटे जागच्या जागी! मागावर ताणाने आलेली चुणी पाणी लागताच परत येते. त्यास खळ मात्र लावू नये. खळीने फुगवटे ताठरतात व वाऱ्याच्या वाटा बुजतात.

दुसरी चूक पैशाची. एका शहरी दुकानात तसेच दिसणारे कापड निम्म्या दराने मिळाले म्हणून आम्ही सहा मीटर घेतले. पाच-सहा धुण्यांत ते हळूहळू सपाट झाले. चौकशीअंती कळले की, साध्या सुती कापडावर कॉस्टिक सोड्याचे पट्टे छापूनही अशा चुण्या पाडतात. सोडा लागतो तेवढा भाग आक्रसतो व उरलेला फुगतो. ही फसवणूक आहे असे नव्हे. तो एक निराळा व स्वस्त प्रकार आहे, त्यास निराळे नाव आहे, आणि दुकानदाराने ते सांगावयास हवे होते. ओळखावयाची खूण ही की, खऱ्या कापडात सपाट व फुगीर पट्ट्यांचे धागे निरखून पाहिल्यास ओळीने आपापल्या जागी असतात, आणि बोटांनी ताणून सोडले तरी फुगवटा हलत नाही. धागा काढून जाळूनही पाहावा: सुताचा असेल तर कागद जळाल्याचा वास येऊन राख होते, पॉलिस्टरचा असेल तर वितळून कडक मणी होतो. कापडपेढीवाल्या सभासदांनी या बाबतीत आमच्यासारख्यांस मार्गदर्शन केले, तर ते संघकार्यच होईल.

शिंप्याकडे देण्यापूर्वी कापड एकदा पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे, कारण सूत आटते. सदरा अंगाबरोबर शिवू नये; चार बोटे सैल हवा, नाहीतर फुगवटे दाबून सारा गुण घालविल्यासारखे होते. कोट शिवावयाचा असल्यास शिंपी अस्तराचा आग्रह धरील, कारण अस्तराने आतील शिवण झाकली जाते. त्यास ठामपणे नकार द्यावा. फार तर खांद्यापुरते अस्तर असावे. अस्तर लावलेले सीरसकर म्हणजे खिडक्या बंद करून पंखा लावणे होय. पट्ट्यांच्या सदऱ्यावर साधी पांढरी विजार शोभते. पट्ट्यावर पट्टा आपल्या वयास बरा दिसत नाही. तरुणांनी काय करावे ते त्यांनी ठरवावे. नेहरू शर्टही याचा फार चांगला होतो.

राहता राहिला पतीचा प्रश्न. पहिल्या वर्षी रविवार पेठेत आम्हांस तिघांनी विचारले, ‘काय अण्णा, प्रवासातून थेट आलात वाटते?’ दुसऱ्या वर्षी त्यांतील एकाने कापड कोठे मिळते ते विचारले. आमचे हुंडीचे व्यवहार होते तसेच चालू आहेत.

दादांसाठी गेल्या पाडव्यास आम्ही निळ्या पट्ट्यांचे दोन सदरे शिवून घेतले. प्रथम त्यांनी ते पाहून, ‘हे काय, शिंप्याने बिघडविले?’ म्हणून बाजूस ठेवले. वैशाखात एका दुपारी वीज गेली तेव्हा त्यांनी आपण होऊन एक काढून घातला. हल्ली ते सकाळी दोन तास दुकानात येऊन बसतात; लिलावास जात नाहीत, परंतु नमुन्याचे दाणे त्यांच्या तळहातावर ठेवल्यावाचून आम्ही भाव बोलत नाही. सदऱ्यास दोन खिसे हवे होते, एकच शिवला, एवढी त्यांची तक्रार आहे. पुढच्या खेपेस शिंप्यास तसे सांगितले आहे.